हिल्लांचा नकाशा

ओस्मोच्या कॉम्प्युटरच्या मते पन्नास वर्षांनी गावातल्या दुकानाच्या पार्किंगमध्ये हिल्ला पिकणार होत्या.

हिल्ला म्हणजे दलदलीतल्या ओल्या शेवाळात येणारी केशरी फळं. डांबराशी त्यांचं उभं वैर. ओस्मोने बिचाऱ्याने कोड वरपासून खालपर्यंत तपासला. तापमान बरोबर, पाऊस बरोबर, जमिनीतली ओल बरोबर. पुन्हा चालवला, तर पार्किंग होतंच, वर दफनभूमीचं कुंपणही नकाशावर उजळून निघालं.

रोप आज जिथे उगवतं तिथलं हवापाणी बघायचं, आणि जग तापल्यावर ते कुठे तग धरेल ते सांगायचं, एवढंच त्या कोडचं काम. पण आज कुठे उगवतं हे माणसांनी सांगायचं होतं. ओस्मोने सगळ्या गावाला विनंती केली होती की, तुम्ही हिल्ला कुठे तोडता तिथे फोनवरच्या नकाशात खूण करा. आता आमच्या उत्तरेकडे हिल्लांची जागा बायको नवऱ्यालाही सांगत नाही. मरताना मुलाला सांगतात, तीही मूल लाडकं असेल तर. पण ओस्मो पडला दक्षिणेकडचा. तिकडे विचारलं की लोक उत्तर देतात. गावाने भरभरून खुणा केल्या आणि तो हरखून गेला.

शेवटी तो सासूबाईंच्या स्वयंपाकघरात गेला. राउनीबाई गरम चीजवर हिल्लांचा मुरंबा घालत होत्या.

"आई, तुम्ही खूण कुठे केलीत?"

"दुकानाच्या मागे."

"तिथे डांबर आहे!"

"शेजारच्या ताउनोने दफनभूमी सांगितली ती चालली, आणि माझंच तेवढं खुपतंय होय रे जावईबापू?"

"मग या बरणीतल्या कुठल्या?"

"दलदलीतल्या."

"कुठल्या दलदलीतल्या?"

"ओल्या."

ओस्मोने कपाळाला हात लावला. "आई, हसण्यावारी नेऊ नका. स्कीच्या टेकडीचा नवा रस्ता या नकाशावरून ठरणार आहे. जिथे हिल्ला नाहीत तिथून तो जाणार."

"जाऊ दे की."

"कुर्कीच्या दलदलीत एकही खूण नाही. रस्ता तिथूनच आखलाय. एकदा चर खणून पाणी काढलं की संपलं."

राउनीबाईंचा चमचा हवेत थांबला. "कुर्कीतून?"

"का? आहेत तिथे?"

"मला मेलीला काय माहीत! आपलं सहज विचारलं."

पण संध्याकाळच्या सभेला त्या चर्चला जायचं ठेवणीतलं जाकीट घालून पहिल्या रांगेत हजर होत्या.

ओस्मोने नकाशा पडद्यावर लावला. पार्किंग दिसताच मंडळी पोट धरधरून हसली. रस्त्यांच्या ऑफिसातले इंजिनिअर कालेर्वो मात्र हसले नाहीत. "म्हणजे कुर्की मोकळी," ते म्हणाले. "सोमवारी मशिनं येतील."

कॉफीचे कप तोंडाशी तसेच राहिले. जो तो दुसऱ्याकडे बघू लागला की, बाबा रे, तू बोल. बोलणाऱ्याची जागा उघडी पडणार, आणि न बोलावं तर जागाच जाणार!

अखेर ताउनो घसा खाकरून उठला. "तिथे असतात म्हणे."

"कोण म्हणतं?" कालेर्वोंनी विचारलं.

"आहे एक लांबचा नातेवाईक."

"माझ्याही कानावर आलंय," राउनीबाई छताकडे बघत म्हणाल्या.

"ऐकीव गोष्टींवर रस्ता वळत नसतो. डोळ्यांनी पाहिलेला माणूस हवा."

ओस्मोला त्या दलदलीची खरंच कळकळ होती. तो म्हणाला, "असं करू. सगळ्यांनी डोळे मिटा. जो कुर्कीत जातो त्याने हात वर करायचा. मी एकटाच बघीन, आणि कुणाचं नाव घेणार नाही. शपथ!"

गावाने डोळे मिटले. थोडी कुजबुज झाली, खुर्च्या करकरल्या. ओस्मोने पाहिलं तर सभागृहातला प्रत्येक हात वर होता, आणि प्रत्येक डोळा सताड उघडा होता.

"ताउनो! तू?" राउनीबाई कडाडल्या. "म्हणजे त्या वाकड्या पाइनच्या झाडामागे खोकणारा तूच? मी अस्वल समजून इतकी वर्षं लांबून वळसा घालत होते!"

"आणि मी काय तुझ्या जवळून जात होतो? मलाही अस्वलच वाटायचं."

मग जो गलका उडाला तो विचारू नका. हसणं, रुसणं, जुन्या पाऊलखुणांचे हिशेब. त्या गडबडीत ओस्मोने सगळ्यांकडून खऱ्या जागा भरून घेतल्या आणि कोड चालवला. पार्किंग विझलं, दफनभूमी विझली, आणि कुर्की अशी लखलखली की पन्नास वर्षांनंतरच्या नकाशातही तिचा निम्मा भाग उजळलेला राहिला. गावाने टाळ्या वाजवल्या. रस्त्यावर काट मारायला सगळे कालेर्वोंकडे वळले, तेव्हा कुठे लक्षात आलं की त्यांचाही हात अजून वरच आहे.

"साहेब, तुम्ही पण?" ओस्मो थक्क झाला.

कालेर्वो कानापर्यंत लाल झाले. "दर ऑगस्टला येतो. गाडी लांब झाडीत लावून."

"अहो, मग रस्ता तिथूनच कशाला आखलात?"

"वळवला असता, तर लोकांनी कारण विचारलं असतं."