वाऱ्याला चकवण्याचे प्रयोग

अंबरनाथच्या कारखान्याने २००४ साली बदलापूर ते अंबरनाथ अशी कामगारांची सायकल शर्यत ठेवली, तिच्यात राजरत्न शेवटचा आला. निवृत्तीला टेकलेल्या स्टोअरकीपर नाथाच्याही मागे! कँटीनमध्ये वर्षभर त्याची टिंगल झाली. म्हणून २००५ला त्याने ठरवलं, पहिला नंबर गेला खड्ड्यात, नाथाला मागे टाकायचंच.

पेपरात त्याने वाचलं, की सायकलवाल्याचा खरा वैरी समोरचा वारा. झालं! राजरत्न पडला क्वालिटी कंट्रोलमधला. थर्मामीटर लावल्याशिवाय स्वतःच्या तापावरही त्याचा विश्वास बसत नसे. रोज सकाळी सोनिवलीच्या उतारावरून पेडल न मारता सायकल सोडायची, आणि ती थांबेल तिथे बायकोने, मायाने, खडूने रेघ मारायची. रेघ जितकी पुढे, तितका वारा हरला.

ताठ बसल्यावर पहिली रेघ पिठाच्या गिरणीपाशी पडली. हँडलवर नाक टेकवलं, तशी पुढे सरकली. शर्ट फडफडतो म्हणून मायाने अस्तराच्या कापडाचा अंगाबरोबर शर्ट शिवून दिला (पोपटी, दुसरा रंग शिल्लक नव्हता). रेघ आणखी पुढे. शेवटी त्याने लग्नाआधीपासून जपलेली मिशी उतरवली, तर एका आठवड्यात चांगला सहा पावलांचा फायदा! स्वारी खूश. प्रयोगानंतर चढावर सायकल ढकलून भूक लागायची, मग दोघं गाडीवर वडापाव खायची. माया एक, संशोधक तीन.

शर्यतीच्या दिवशी रस्ता होता सपाट. नाथा ताठ बसून, ओळखीच्यांना हात करत, आरामात पुढे निघून गेला. राजरत्न हँडलवर पालथा पडून धापा टाकत राहिला. अर्ध्या वाटेत पोपटी शर्ट पाठीवर टर्रकन फाटला. तो पुन्हा शेवटचाच आला.

कारखान्याच्या गेटवर माया सेफ्टी पिना घेऊनच उभी होती. त्याला बिचाऱ्याला खरंच रडू यायचं बाकी होतं. रोज रेघ पुढे जात होती, मग घोडं अडलं कुठे, असं तो पुन्हा पुन्हा विचारत राहिला.

"अहो, तुमचं वजन वाढत होतं," पिना लावता लावता माया म्हणाली. "हा शर्ट मी तीनदा उसवून सैल केलाय. आई मागे कॅरिअरला बसली की आमच्या बाबांची सायकलपण उतारावर थांबायची नाही."

"म्हणजे तुला माहीत होतं? मग बोलली का नाहीस?"

"बोलणारच होते, पण तेवढ्यात तुमच्या यादीत मिशीचा नंबर आला," माया शेवटची पिन लावत म्हणाली. "बारा वर्षं वाट बघत होते मी."