उजव्या हाताची डावी बाजू

मामांनी चिठ्ठी वाचली, पुन्हा वाचली आणि ती लिहिणाऱ्याची त्यांना कीव आली. चिठ्ठीवर ‘डावी बाजू’ असं लिहिलं होतं आणि समोरच्या खाटेवरच्या घड्याळजींचा हात लुळा पडला होता तो उजवा. ऑपरेशनआधी पेशंटचे केस उतरवायचं काम मामा या हॉस्पिटलात बावीस वर्षं करत होते. एवढ्या अनुभवावर माणूस अर्धा डॉक्टर होतोच, असं त्यांचं मत होतं. इतरांचं कुणी विचारलं नव्हतं.

“नक्की कुठला हात उचलत नाही?” त्यांनी खात्री करून घेतली.

“उजवा,” खाटेशी बसलेल्या घड्याळजींच्या बायकोने, काकूंनी, सांगितलं. “तीन आठवड्यांपूर्वी आपल्या घड्याळांच्या दुकानात स्टुलावरून पडले. डोक्यात रक्त साकळलंय म्हणे. बोलतानाही शब्द सापडत नाहीत. पण केसांचं बरं सापडतं! निम्मेच काढणार असाल तर ऑपरेशन, नाहीतर नाही, असं मोठ्या डॉक्टरांकडून कबूल करून घेतलंय.”

घड्याळजींनी डावा हात आपल्या दाट केसांवरून फिरवला. बासष्टाव्या वर्षी असं रान डोक्यावर बाळगणाऱ्या माणसाबद्दल मामांना धंद्याच्या दृष्टीनेही आदर वाटला.

“नि... निम्मे,” घड्याळजी मोठ्या कष्टाने म्हणाले.

“निम्मेच! अगदी निर्धास्त राहा,” मामा म्हणाले आणि चिठ्ठी लिहिणाऱ्याची चूक पोटात घालून त्यांनी उजवी बाजू गुळगुळीत करून टाकली.

बाहेर टेबलाशी सिस्टर औषधांची नोंद करत होत्या. “झालं का मामा? डावी बाजू ना?”

“चिठ्ठीत चूक होती. मी सुधारून घेतली.”

सिस्टरांचं पेन थांबलं. “काय सुधारलंत?”

“अहो, हात उजवा गेलाय. मग बिघाड उजवीकडेच असणार. वायर सरळ खाली येणार ना!”

“मामा! मेंदूचा कारभार उलटा असतो. उजवा हात डाव्या मेंदूच्या ताब्यात. बोलणंसुद्धा बहुतेकांचं डावीकडूनच चालतं. दिसण्याचं खातं मागे, त्याच्या खाली तोल सांभाळायचं, पुढे विचार करायचं. जो तो आपापल्या जागी बसून काम बघतो. आणि तुम्ही... अकराला ऑपरेशन आहे! आधी जाऊन मोठ्या डॉक्टरांना सांगा!” तेवढ्यात चार नंबरच्या पेशंटने सलाइन उपटलं आणि सिस्टर तिकडे धावल्या.

बावीस वर्षं हजारो डोकी मामांच्या हाताखालून गेली होती, पण सगळी बाहेरून. आता मोठे डॉक्टर येणार, भादरलेली बाजू बघणार आणि तीच उघडणार. म्हणजे चांगली बाजू! उजवा हात तर गेलाच होता, आता डावाही जायचा. भीती मेंदूच्या कुठल्या भागात असते हे सिस्टरांना विचारायचं राहून गेलं होतं. सध्या ती मामांच्या गुडघ्यांत होती.

मोठ्या डॉक्टरांना सांगायची छाती होईना. मामा तसेच वळले आणि पुन्हा खाटेपाशी आले.

“आता काय?” काकूंनी विचारलं.

“ही बाजूही घ्यायचीय.”

“निम्मे ठरले होते ना?”

“तसं आहे काकू, एकाच बाजूला केस राहिले की टेबलावर डोकं कलंडतं.”

घड्याळजींचे डोळे विस्फारले. “ना... ना...” पुढचा शब्द सापडेना, उजवा हात उठेना आणि डावा काकूंनी धीर द्यायला घट्ट धरून ठेवलेला. मामांनी या सगळ्याचा फायदा घेतला आणि वस्तरा चालवताना त्यांना स्वतःची मनापासून लाज वाटली.

दहा मिनिटांत डोकं लखलखीत झालं. मामांनी सुस्कारा सोडला, तो अर्ध्यावरच अडकला. मघाशी निदान चुकीची का होईना, एक बाजू दिसत होती. आता डॉक्टरांनी काय ओळखायचं?

त्यांनी टेबलावरचं मार्कर पेन पळवून आणलं आणि टकलावर डावीकडे एक बाण काढला. मग समोर उभं राहून पाहिलं तर तो त्यांच्या उजव्या हाताला आला. डॉक्टर तर डोक्याच्या बाजूने उभे राहणार! मामा तिथे जाऊन उभे राहिले, स्वतःभोवती एकदा फिरले, घास भरवायचा हात कुठला हे आठवून पाहिलं. एवढं करूनही बाणावर भरवसा बसेना, म्हणून त्यांनी खाली ठळक अक्षरांत लिहिलं, ‘ही डावी’.

“हे काय आता?” काकू हादरल्या.

“पत्ता लिहिलाय,” मामा म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

ट्रॉली आली, घड्याळजी गेले. मामा दोन मिनिटं तिथेच थांबले आणि मग राहवेना म्हणून जिन्यावरून धावत सुटले. थिएटरच्या दाराशी मोठे डॉक्टर हात धूत होते.

“साहेब, उजवीकडे उघडू नका! चूक माझी आहे. मला काढून टाका, पण त्यांचा हात वाचवा. घड्याळं दुरुस्त करतात हो ते!”

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. “मामा, मी केस बघून डोकं उघडतो असं वाटलं तुम्हाला? आत स्कॅनचा फोटो लावलेला असतो. आम्ही तिघंजण बाजू तपासतो. केस नसले की जखम स्वच्छ ठेवायला बरं पडतं, एवढंच.”

“एवढंच?” मामांचा आवाज बसला. “बावीस वर्षं?”

“एवढंच. आणि पुन्हा चिठ्ठी सुधारलीत तर वस्तरा जमा करून घेईन.”

मामा बाहेरच्या बाकावर बसले. जीव भांड्यात पडला होता, पण अर्धं डॉक्टरपण गेल्याचं दुःखही कमी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते भीत भीत वॉर्डात गेले. काकूंचा चेहरा उतरलेला होता. “अजून हात हलवला नाही हो. शब्दही नाही. डॉक्टर म्हणतात, वाट बघा.”

मामा खाटेवर वाकले. “घड्याळजी, मी आलोय. ओळखलंत का?”

घड्याळजींनी डोळे उघडले आणि बराच वेळ मामांकडे पाहिलं. चादरीवरची उजवी बोटं हलली. हात थरथरत वर उठला, डोक्यापाशी गेला, डावीकडच्या पट्टीवरून उजवीकडच्या गुळगुळीत मैदानावर फिरला, क्षणभर थांबला आणि तिथून थेट खाली येऊन त्याने मामांचा कान पकडला.

“निम्मे ठरले होते, चोरा!” घड्याळजी गरजले.

“अहो, हात! उजवा हात!” काकू किंचाळल्या.

मामांचा कान लालबुंद झाला होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. “पिळा, घड्याळजी! अजून पिळा!” ते ओरडत होते. “सिस्टर, शब्दसुद्धा सापडले बघा!”

सिस्टर सोडवायला धावत आल्या, तर मामांनीच त्यांना हाताने थांबवलं.