चेहरा दाखवा, फोन उघडा

शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. सातवीत शाळा सुटली, तेव्हापासून मी फक्त भिंतींवर लिहितो आणि लिहिलेल्यावर स्वतःच रंग मारतो. शब्दही साधेच आहेत. (प्रकारच असा घडला की भारी शब्द लाजतील.)

मी रंगारी. रंगाच्या दुकानात काउंटरवर बसणारी मुलगी त्या दिवशी मला म्हणाली, "वर्ष झालं, तुम्ही काहीतरी बोलायला येता आणि दोन लिटर प्रायमर घेऊन जाता. समोर जमत नसेल तर फोन करा. उद्या संध्याकाळी आठला. नाही आला तर समजेन, खरंच प्रायमरच हवा होता." आणि चिठ्ठीवर नंबर दिला. (बाकी सगळे कारागीर तिला ताई म्हणतात. मी वर्षभर काहीच म्हणालो नाही. धोका कशाला?)

माझा जुना फोन डिस्टेंपरच्या बादलीत पडल्यापासून फक्त ऐकायचा, बोलायचा नाही. (मालकावर गेला होता.) म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळीच, नुकताच बाजारात आलेला नवा फोन घेतला.

पहिलं मत सांगतो. काच इतकी गुळगुळीत, की माझ्या हातून तशी भिंत अजून झालेली नाही. खोक्यावर रंगाचं नाव 'मध्यरात्र' होतं. आमच्यात त्याला काळा म्हणतात.

कामावर जेवणाच्या सुट्टीत फोनने चेहरा मागितला. दिला. सहा आकडी पिन मागितला. तो विसरू नये म्हणून समोरच्या भिंतीवर पेन्सिलने लिहून ठेवला. तिचा नंबर सेव्ह केला, चिठ्ठी फेकली. मग सुट्टी संपली आणि मी त्या भिंतीला प्रायमर मारला. चांगले दोन हात.

घरी आल्यावर साबणाने दोनदा आंघोळ केली, दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला. पावणेआठला फोन तोंडासमोर धरला.

'चेहरा जुळत नाही.'

"भावोजी, जरा हसा," वहिनी म्हणाली. हसलो. जुळेना.

"हसू नकोस रे. नेहमीसारखा दिस, बावळट," दादा म्हणाला. तसा दिसलो. (त्यात कष्ट पडले नाहीत.) तरी जुळेना.

"मग तो पिन टाक ना!" दादा म्हणाला.

मला भिंत आठवली. पिनवर दोन हात प्रायमर होता.

आई म्हणाली, "अरे, दुपारी चेहरा दिलास तेव्हा होतास कसा?"

"भिंतीची पुट्टी घासून उठलो होतो. पांढराफटक."

मग वहिनी पिठाचा डबा घेऊन आली.

दादा वरून चाळणी धरून पीठ पाडू लागला. फोन घुटमळला, पण उघडेना.

"डावी भुवई राहिली," आई म्हणाली. "आणि डोक्याला काय होतं?"

"रुमाल."

तिने ओट्यावरचं फडकं आवळून बांधलं. आठला एक मिनिट कमी असताना फोन उघडला! घरात टाळ्या पडल्या.

घाईत मी नेमका व्हिडिओ कॉल लावला. समोर ती. इकडे मी भुतासारखा, मागे चाळणी घेतलेला दादा. बोलायला तोंड उघडलं तर पीठ आत गेलं आणि अशी शिंक आली, की पडदा पांढरा झाला.

"अय्या! आंघोळही न करता, कामावरून आल्या आल्या फोन केलात?"

मी मान हलवली.

"मला आवडलं. सकाळी दुकानात या, बोलू." तिने फोन ठेवला. मी एक अक्षरही बोललो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा साबण, इस्त्रीचा शर्ट, नीट भांग. काउंटरसमोर उभा राहिलो. तिने माझ्याकडे पाहिलं.

"बोला साहेब, कोणता रंग दाखवू?"

वर्षभर तिनेही मला एकाच अवतारात पाहिलं होतं. (उगीच फोनला नावं ठेवली.)

"एक किलो पुट्टी," मी म्हणालो. पिशवी घेऊन बाहेर आलो, दुकानाच्या पायरीवर बसलो, डोक्याला रुमाल बांधला, डाव्या भुवईसकट तोंड माखलं आणि परत आत गेलो.