चादर वर जाईना

रविवारी ताई येणार आणि आईला आपल्या घरी घेऊन जाणार, हे फोनवरच ठरलं होतं. ठरवलं अर्थात ताईनंच. आईचा उजवा खांदा धरला होता, हात वर जात नव्हता, आणि घरात आईखेरीज होता कोण, तर धाकटा. ताईच्या मते धाकटा म्हणजे स्वतःचा मोजा स्वतःला न सापडणारा माणूस. त्याच्या भरवशावर आईला ठेवणं तिला मुळीच मान्य नव्हतं. आई गेली तर घर खायला उठेल, हे धाकट्याला पक्कं ठाऊक होतं, पण असलं काही बोलून दाखवायची त्या घरात पद्धत नव्हती. म्हणून त्यानं यंत्र बनवलं.

आईचं अडत होतं ते कपडे वाळत घालण्यापाशी. गॅलरीच्या छताला चार काठ्या टांगलेल्या होत्या. काठी खाली घ्यायची, ओले कपडे टाकायचे आणि कप्पीवरची दोरी ओढून काठी वर न्यायची. खांदा धरल्यापासून रोज सकाळी दोरी ओढायला धाकटा जायचा. आई कपडे झटकून द्यायची, तो ओढायचा, आणि तेवढ्यात काहीबाही बोलणं व्हायचं. पण कामावर रोज उशीर झाला की साहेब चिडायचे. धाकटा ज्या प्रयोगशाळेत यांत्रिक हातांना वजन उचलायला शिकवायचा, तिथून टाकून दिलेल्या दोन मोटरी त्यानं उचलून आणल्या. काठ्या चार आणि मोटरी दोन, तेव्हा त्यानं दोऱ्या एकमेकींना जोडल्या. एक काठी वर गेली की दुसरी थोडी खाली येणार, असा हिशेब होता.

"हे बघ आई, प्रत्येक काठी म्हणजे एक ठिपका. प्रत्येक कप्पी म्हणजे एक ठिपका. जे ज्याला बांधलंय त्यांच्यामध्ये रेघ. ह्याला ग्राफ न्यूरल नेटवर्क म्हणतात."

"बरं."

"प्रत्येक ठिपका फक्त शेजाऱ्यांना विचारतो, तुमचं काय चाललंय? आणि त्यावरून आपण किती हलणार ते सांगतो. असं विचारत विचारत सगळ्यांची खबर सगळ्यांना लागते."

"म्हणजे आपल्या बिल्डिंगसारखंच की."

"तसंच. आणि कुणी शिकवायला नको. किती ओढलं की किती उचललं जातं, ते रोज बघून आपलं आपण शिकतं."

"कुणी ओढलं की?"

"मोटरीनं! दुसरं कोण ओढणार?"

आईनं त्या मुठीएवढ्या मोटरीकडे पाहिलं आणि एक सुस्कारा टाकला.

धाकटा कामावर गेला की यंत्र घरी शिकत असे. संध्याकाळी तो कॉम्प्युटर उघडून बघायचा, तर प्रगती थक्क करणारी होती. भिजलेली जाड चादरसुद्धा यंत्र अगदी हलक्या ओढीनं वर नेत होतं. प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, "एवढ्याशा मोटरीत तेवढी ताकद नाही." त्यावर धाकट्यानं त्यांना समजुतीच्या सुरात सांगितलं, की शिकलेल्या यंत्राला आपले जुने हिशेब लावू नयेत. साहेबांनी हे मनात ठेवलं.

रविवारी ताई आली. खांद्यावरची पर्ससुद्धा न उतरवता ती गॅलरीत गेली. आई खांद्याला शाल गुंडाळून खुर्चीत बसली होती, आणि दुखणाइतासारखी दिसत होती.

"चालव बघू तुझं यंत्र," ताई म्हणाली. "चादर वर गेली तर आई इथे. नाही गेली तर बॅग भरलेलीच आहे."

धाकट्यानं बटण दाबलं. शिकल्याप्रमाणे मोटरीनं हलकेच ओढलं. चादर हलली नाही.

यंत्र घाबरलं नाही. त्यानं शेजारच्या ठिपक्यांना विचारलं आणि चादरीला मदत म्हणून शर्टांची काठी खाली सोडली. ताईच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या बाह्या पडल्या.

"अरे, हे काय करतंय?"

"थांब, विचार करतंय."

ताईनं शर्टांची काठी वर ढकलली. काठी अचानक हलकी झालेली पाहून यंत्रानं दोरी सैल सोडली. त्याबरोबर चादरीची काठी कठड्यावर आदळली आणि एक टोक काठीत अडकलेली चादर सरकत सरकत खाली लोंबली. खालच्या मजल्यावरचे वकीलकाका आपल्या गॅलरीत पेपर वाचत होते.

"माझी हरकत आहे!" चादरीच्या आतून आवाज आला.

वकीलकाकांनी चादर ओढली. आता यंत्राला वाटलं, कपडे भलतेच जड झाले. त्यानं सगळा जीव एकवटला, मोटर गुरगुरली, जळका वास सुटला. शर्टांच्या काठीत अडकलेला पर्सचा पट्टा वर जाऊ लागला आणि पट्ट्याबरोबर ताईही टाचा उचलू लागली. धाकटा नुसता बटणं दाबत होता.

"अरे, असं नाही रे!" म्हणत आई उठली. शाल एकीकडे पडली. तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन दोरी धरली आणि सगळं अंग टाकून ओढली. चादर वकीलकाकांच्या हातातून सुटून झोकात वर आली. ताई खाली आली. मोटर शांत झाली. कॉम्प्युटरवर हिरवी खूण उमटली, म्हणजे सगळं शिकल्याप्रमाणे चाललं होतं.

ताईनं काठीतून पर्सचा पट्टा सोडवला.

"आई," ताई हळूच म्हणाली, "तुझे दोन्ही हात वर आहेत."

आईनं हात दुसऱ्या कुणाचे असावेत तसे पाहिले. "हो की," ती म्हणाली.

"खांदा केव्हा बरा झाला?"

"धरला त्याच आठवड्यात झाला."

"आणि मी रोज फोनवर शेकायला सांगत होते ते?"

"शेकत होते ना. छान वाटायचं."

धाकटा कॉम्प्युटरकडे बघत होता. "म्हणजे रोज मी गेल्यावर दोरी तू ओढायचीस? मोटरीबरोबर?"

"मग काय करू? एवढीशी मोटर ती. तू संध्याकाळी इतक्या आशेनं बघायचास. म्हटलं, पोराचं तोंड पडायला नको."

"पण बरं वाटत होतं तर तेव्हाच सांगायचंस. यंत्रच बनवलं नसतं."

आई खाली वाकून शाल उचलू लागली. "सांगितलं असतं तर सकाळी गॅलरीत आला असतास का?" ती शालीकडेच बघत म्हणाली.

धाकट्यानं कॉम्प्युटरवरचा ग्राफ पुन्हा पाहिला. सगळे ठिपके त्यानं काढले होते, कप्पीच्या खिळ्याचासुद्धा. आईचा तेवढा राहिला होता, आणि स्वतःचाही.

आईला न्यायचं कारणच उरलं नाही, तेव्हा संध्याकाळी ताई एकटीच निघाली. दारात ती उगाचच रेंगाळली. मग चपलेकडे बघत म्हणाली, "माझाही खांदा अलीकडे जरा धरतोय."

"फार?" आईनं गंभीरपणे विचारलं.

"हात वर जात नाही."

"मग येते की पुढच्या आठवड्यात. शेकून देते."

दुसऱ्या दिवशी मोटरी प्रयोगशाळेत परत न्यायच्या म्हणून धाकट्यानं पिशवीत भरून ठेवल्या होत्या. साहेबांना काय सांगायचं, ते मनात जुळवत तो चहा पीत होता, तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला.

"आई गं! खांदा!"

त्यानं घड्याळाकडे पाहिलं. उशीर होणार होता. तो कप ठेवून उठला, गॅलरीत गेला आणि दोरी धरली.

"फार दुखतोय का?"

"आज चादर आहे," आई म्हणाली आणि चादर झटकू लागली.