खाली डोकं, वर पाय

एका जंगलात ऐनाचं एक जुनं झाड होतं. मगरीच्या पाठीसारखी त्याची साल. सालीच्या भेगाभेगांत अळ्या, कोळी, किडे यांची नुसती रेलचेल.

आता बाळांनो, जिथे खायला असतं तिथे स्पर्धा असते, आणि जिथे स्पर्धा असते तिथे तिच्यावर व्याख्यान द्यायलाही कुणीतरी असतंच. हे तुम्हाला शाळेत सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

त्या झाडावर शिलिंध्री नावाची पाखरी राहायची. चिमणीएवढा जीव, निळी पाठ, लाल चोच. खोडातल्या भोकात तिची पिल्लं चोची वासून बसलेली.

त्याच खोडावर सुतारपक्षी यायचा. अंगानं दांडगा, चोच म्हणजे छिन्नीच.

झाडाची रीत अशी, की बुंध्यापासून चढायचं आणि वेचत वेचत वर जायचं. वाडवडील तसेच चढले होते. सुतार पहाटेच चढायचा आणि भेग न् भेग साफ करायचा. शिलिंध्री मागून चढायची. तिच्या वाट्याला भुसा.

“भावजी, एखादी अळी तरी ठेवा मागं. पोरं उपाशी आहेत.”

“रडून काय होतं, वहिनी? कष्ट करावेत. माझ्याकडे बघा. मी डोक्यानं काम करतो,” सुतार म्हणाला, आणि डोकं आपटायला लागला.

ती गेली धनेशरावांकडे. मोठी चोच, मोठा आवाज, म्हणून जंगलानं त्यांना विचारवंत ठरवलं होतं. पिल्लांसाठी त्यांची बायको ढोलीचं तोंड लिंपून आत बसलेली आणि हे बाहेर फांदीवर स्वातंत्र्याबद्दल बोलत होते.

“स्पर्धेला भिऊ नकोस, पोरी! अजून लवकर ऊठ. अजून जोरात चढ. वर, वर, वर!”

ढोलीच्या फटीतून आवाज आला, “अहो, तिला वर पाठवा नाहीतर खाली, पण आधी उंबरं आणा! मी इथे सकाळपासून उपाशी!”

धनेशराव उडाले. विचारवंत बायकोला भितात, हेही लक्षात ठेवा.

दुसऱ्या दिवशी शिलिंध्री अंधारात उठली आणि जीव खाऊन चढली. पार वर सुतारानं तिला गाठलं.

“सरका, वहिनी!”

पंखाचा असा फटका बसला, की ती गरकन फिरली. नखं सालीत रुतली म्हणून वाचली. पण डोकं खाली, पाय वर.

आणि काय सांगू! सालीच्या खवल्यांआड, वरच्या अंगाला, गुबगुबीत अळ्या मजेत बसलेल्या. खालून चढणाऱ्याला त्या कध्धी दिसल्या नव्हत्या. फटक्यानं डोळ्यांत आलेलं पाणीही शिलिंध्रीनं पुसलं नाही, आधी चोच भरली. तशीच वेचत वेचत बुंध्याकडे उतरली. त्या दिवशी पिल्लं खाऊन खाऊन पेंगली.

शेजारच्या फांदीवरच्या साळुंक्यांना मात्र घास गिळवेना.

“अगं बाई, हे काय चालणं! सासरचं नाव घालवलंस!”

“नावानं पोटं भरत असतील तर तुम्हीच पाठवा की दोन नावं,” शिलिंध्री म्हणाली.

सुतारालाही मोह झाला. त्यानं डोकं खाली केलं. पण त्याची शेपूट काठीसारखी ताठ. चढताना तिच्यावर रेलायचं, हाच तर त्याचा रुबाब. उलटं झाल्यावर शेपूट आभाळात, टेकायला काही नाही. बद्दकन पाचोळ्यात.

“आमच्या घराण्यात कुणी खाली बघत नाही,” अंग झटकत तो म्हणाला.

झालं, भांडण मिटलं. तो वर जायचा, ती खाली यायची. मध्यावर भेट झाली की “या वहिनी”, “चालू द्या भावजी”. एकाच झाडावर दोघांचे संसार. धनेशरावांनी लगेच सभा घेतली. “माझं ऐकलं, म्हणून ही एवढी वर पोचली!” शिलिंध्री तेव्हा अगदी बुंध्याशी होती.

यथावकाश पिल्लं बाहेर पडली. धाकटं खोडावर बसलं आणि तुरुतुरु वर चढायला लागलं.

शिलिंध्रीनं त्याला टोच मारली. “मेल्या, उलटा चालतोस? चारचौघांत हसं करशील! आपल्यात खाली तोंड करूनच चालतात. पहिल्यापासून!”

तात्पर्य : स्पर्धेनं प्रगती होते हे अगदी खरं, पण ती हरणाऱ्याची होते. जिंकणाऱ्याला काही नवं शिकायची गरजच पडत नाही. तेव्हा बाळांनो, हरायचं तर वेळेवर हरा. आणि वेगळी वाट सापडलीच, तर तिला ताबडतोब परंपरा म्हणा. म्हणजे निदान घरातलं कुणी तिसरी शोधणार नाही.