जर्मन घड्याळाचा मुहूर्त

"सेकंदाचाही फरक पडायचा नाही! थेट रेडिओ सिग्नलवर चालतं. जर्मनीहून आणलंय!" हॉलमधलं घड्याळ वासुदेव अशा थाटात दाखवत होता, जणू ते त्याच्याच पोटी जन्माला आलं होतं!

आखातात, डिस्कव्हरी गार्डन्समधल्या त्याच्या फ्लॅटमध्ये आज लेकीचा, अस्मीचा साखरपुडा होता. मुहूर्त दहा बेचाळीस ते दहा सत्तावन्न. अबुधाबीहून व्याही आले होते. समारंभात कुणी फोनमध्ये डोकं घालू नये म्हणून वासुदेवने सगळ्यांचे मोबाईल कपाटात कोंडले होते. स्मार्टवॉचसुद्धा सोडली नव्हती. वेळ बघायला घड्याळ होतंच की!

साडेदहाला त्याला शंका आली, ऐन वेळी बॅटरी संपली तर? स्टुलावर चढून त्याने नवी घातली. काटे उधळलेल्या बैलांसारखे पळत सुटले.

"बघा! सिग्नल पकडतंय!"

काटे बरोब्बर बारावर थांबले.

"बारा?" विहीणबाई किंचाळल्या. "अहो, मुहूर्त गेला!"

"आत्ता तर साडेदहा होते," वासुदेवची बायको अर्चना म्हणाली.

"ते जुन्या बॅटरीचे! जर्मन घड्याळ खोटं बोलत नाही!" वासुदेव गरजला. मग आपण काय बोललो ते कळून त्याने कपाळावर हात मारला. पोरीचा मुहूर्त बापानेच घालवला!

गुरुजींनी पंचांग उघडलं. "आता एकदम पुढच्या महिन्यात."

"तेव्हा आम्ही भारतात!" व्याही ओरडले.

वासुदेवने घड्याळ काढून थोपटलं, हलवलं, शेवटी बाल्कनीत नेऊन तान्ह्या बाळासारखं उन्हात धरलं. पाठोपाठ गुरुजींसकट सगळं वऱ्हाड बाल्कनीत!

तेवढ्यात होणारा जावई सिद्धांत किचनमधून आला. "अंकल, सिग्नल जर्मनीतून येतो. इथे पोचतच नाही. इतके दिवस ते साध्या घड्याळासारखं चालत होतं. बॅटरी बदलली की काटे बारावर जाऊन सिग्नलची वाट बघत बसतात."

अर्चनाने धावत जाऊन फोन काढला. अकरा वाजून पाच!

"म्हणजे मघाशी गेला नव्हता," वासुदेव मटकन खाली बसला, "आता खरंच गेला!"

"रिलॅक्स, बाबा!" अस्मीने हात वर केला. बोटात अंगठी! "किचनमधल्या ओव्हनवर दहा पन्नास झाले होते. तुम्ही कुणी ऐकेचना. मग आम्हीच घातल्या."

सगळे गुरुजींकडे बघू लागले.

"मुहूर्तावर घातल्या ना? मग झालं तर!" गुरुजी म्हणाले. विहीणबाईंना हसू आवरेना.

अर्चनाने वासुदेवच्या तोंडात पेढा कोंबला. "खा आता. आणि जेवायची वेळ मी सांगेन!"