संपलं की सांगावं

चहा संपला की आहेर काका कप बशीत उपडा घालायचे आणि समोर कुणी असो-नसो, सांगायचे, "चहा संपला." फोन ठेवताना, "माझं बोलणं संपलं, ठेवतो." एकदा लग्नाच्या पंगतीत त्यांनी वाढप्याला मुद्दाम बोलावून जेवण संपल्याचं कळवलं. तो बिचारा आणखी भात घेऊन आला.

"संपलं की सांगावं," हे त्यांचं पालुपद. अंबडच्या एका कारखान्यात ते सुपरवायझर होते. मशिनवरचं काम पूर्ण झालं की घंटा वाजावी, अशी सोय त्यांनी स्वतः तारा जोडून केली होती. कारखाना बंद पडला तेव्हा मात्र कुणी काही सांगितलं नाही. एका सकाळी गेटला कुलूप दिसलं. तो राग त्यांनी जपून ठेवला होता.

पन्नाशी उलटल्यावर ते कॉम्प्युटर शिकले आणि कॉलेज रोडवरच्या आमच्या वेबसाइटच्या ऑफिसात माझ्या शेजारी येऊन बसले. तेव्हा वेबसाइटवर व्हिडिओ लावायचं नवंनवं वेड होतं. येवल्याच्या एका पैठणीवाल्या शेठने हातमागाचा व्हिडिओ लावून घेतला. तो संपला की त्याच चौकटीत भलत्याच दुकानांच्या साड्या दिसायला लागायच्या. शेठ खवळले. "माझ्या दुकानात बसून गिऱ्हाईक दुसऱ्याचा माल बघतंय."

आम्ही सगळे डोकं खाजवत बसलो. काकांनी शोधून काढलं की, व्हिडिओ संपला की प्लेअर गुपचूप शून्य हा आकडा पाठवतो. तो पकडायचा आणि पुढचं काम आपल्याला हवं तसं करून घ्यायचं. त्यांनी चार ओळी लिहिल्या. व्हिडिओ संपताच शेठच्या दुकानाचा पत्ता दिसू लागला.

"बघ, लय गुणी आहे हे," काका म्हणाले. "संपलं की सांगतं."

मग त्यांनी स्वतःचं एक पान केलं. त्यावर स्वतःचाच चार मिनिटांचा व्हिडिओ लावला आणि लिंक नीलेशला पाठवली. नीलेश त्यांचा मुलगा, ऑस्ट्रेलियात. चार वर्षं त्याचा फोन नव्हता. व्हिडिओ पूर्ण पाहिला गेला की काकांना मेल यावा आणि त्यांच्या कॉम्प्युटरवर घंटा वाजावी, असा कोड होता. "पुढे ओढत नेला तर संपला धरायचा नाय," हेही त्यात होतं.

दोन महिने घंटा वाजली नाही. काका आवाज वाढवून ठेवायचे, तासातासाला स्पीकरची वायर चाचपायचे. मला ते बघवेना. एका रविवारी घरी मी ते पान उघडलं. एकदा वाजू दे, म्हाताऱ्याला बरं वाटेल, एवढाच हिशेब.

साडेतीन मिनिटं काका द्राक्षांबद्दल, नळाच्या पाण्याबद्दल, गंगापूर धरण किती भरलं त्याबद्दल बोलत होते. मग खाकरले. "नीलेश, जायच्या दिवशी तू दोनदा बेल वाजवलीस. मी आतच होतो. मुद्दाम दार उघडलं नाय. चुकलं माझं. फोन कर."

माझा हात माउसवर होता. बंद करायला हवं होतं. मी ऐकत बसलो आणि व्हिडिओ संपला.

सोमवारी काकांनी कॉम्प्युटर लावला आणि घंटा वाजली. त्यांनी ऑफिसभर पेढे वाटले. "शेवटपर्यंत पाहिला पोरानं," असं प्रत्येकाला सांगितलं. माझ्या तोंडात त्यांनी स्वतःच्या हाताने पेढा घातला. उद्या सांगू, म्हटलं.

त्या दिवसापासून मोबाइल त्यांच्या हातातून सुटेना. संडासातही घेऊन जायचे आणि आतून ओरडून विचारायचे, "ऑफिसच्या फोनवर तर नाय ना आला?" आम्ही हसायचो. मीही हसायचो, याची आज लाज वाटते.

तीन आठवड्यांनी त्यांनी ते पान काढून टाकलं.

"ऐकलं त्यानं सगळं," ते म्हणाले. "त्याला नाय करायचा फोन. पुन्हा पुन्हा कशाला ऐकवायचं?"

"काका," मी म्हणालो. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. स्वतःचा प्यायले आणि कप बशीत सरळच ठेवून, काही न बोलता उठले.

वर्षभरात ते चांदवडला गावी राहायला गेले. निरोप द्यायला मी स्टँडवर गेलो होतो. तेव्हाही दोन वाक्यांत सांगता आलं असतं. मी त्यांना खिडकीची जागा धरून दिली.

नीलेशने नंतर कधी ती लिंक उघडली का, कोण जाणे. उघडली असेल, तरी ते सांगणारं पानच तिथे राहिलं नव्हतं.